मुराळी लोहगावला, लेक शिर्डीला

बिरदेव : आप्पा, आता बास झालं. हैदराबादचं विमान येऊन तास झाला. सगळी माणसं बाहेर आली, त्यांच्या बॅगा आल्या, ती कुत्र्याचं पिल्लू कडेवर घेतलेली बाई बी टॅक्सीत बसून गेली. आक्का काय आली न्हाई.

भैरू : आत दारं काय कमी हायती का? चुकली असंल पोरगी. दमानं घे.

बिरदेव : नर्स हाय ती, आप्पा. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात रोज फिरती. ती हितं चुकंल व्हय?

भैरू : मंग पुढच्या इमानानं येईल.

बिरदेव : कंच्या? कवाच्या? मी म्हणतो फोन करू.

भैरू : फोन न्हाई. मुराळी फोन करून जात नसतो. लेक सासरी असली की म्हायेरचं माणूस उठतंय आन् तिला आणाया जातंय. कुठं येऊ, कवा येऊ म्हणून इचारत बसला तर त्यो मुराळी कसला, पाव्हणा झाला की त्यो.

बिरदेव : मुराळी भावानं व्हायचं असतंय. तुमी घरी बसला असता तरी चाललं असतं.

भैरू : सहा वर्सांमागं अंगणात हुबा राहून कोण वरडलं होतं? तू?

बिरदेव : तुमी.

भैरू : काय वरडलो होतो?

बिरदेव : जाऊ द्या ना आता.

भैरू : न्हाई, सांग. तुला सांगवत न्हाई तर मी सांगतो. 'आपल्या मनानं लगीन केलंस, आता ह्या घरातनं तुला आणाया मुराळी यायचा न्हाई.' सगळ्या वस्तीनं ऐकलं. बोल माझा, तवा मोडायचा बी मलाच.

बिरदेव : ते खरं. पण ती पुण्याला, लोहगावच्या विमानतळावरच उतरणार, हे तुमाला सांगितलं कुणी?

भैरू : शेजारच्या झुंबरबाईनं.

बिरदेव : झुंबरबाई म्हणली, लोहगाव?

भैरू : झुंबरबाई म्हणली, 'भैरूभावजी, बाजाराचा दिस नसताना तुमची म्हाळसा नवं लुगडं नेसून शिरूरला का निघालीय, ठावं हाय का? सुषमा इमानानं येतीया. दुपारी मायलेकी ष्टँडवर भेटणार हायत गुपचूप.' आता इमानानं म्हंजी लोहगावच की. आपल्या उसावरनं जाणारी इमानं रोज कुठं उतरत्यात?

बिरदेव : म्हंजी लोहगाव तुमीच ठरवलंत.

भैरू : दुसरं कुठं उतरंल मंग? वावरात?

बिरदेव : मी लावतोय फोन.

भैरू : लाव. पण मी हाय म्हणू नको. मी आलोय म्हणून कळलं आन् ती आल्या पावली माघारी गेली, तर मी काय करू? ते मोठ्यानं ऐकू यायचं बटान दाब. मी गप बसतो.

बिरदेव : तुमी? गप? बरं. लागला बघा. हॅलो, आक्का?

सुषमा : बिरू! बोल पटकन. मी आत्ताच बाहेर आले, टॅक्सी बघते आहे.

बिरदेव : बाहेर? अगं, मी बी बाहेरच हाय. दिसत न्हाईस तू. कंच्या गेटाला हायस?

सुषमा : तू बाहेर? शिर्डीला? तू कशाला आलास एवढ्या लांब?

बिरदेव : शिर्डी?

सुषमा : मग? शिर्डीच्या विमानतळावर आहे मी.

बिरदेव : आक्का, मी लोहगावला हाय गं.

सुषमा : अरे देवा! लोहगाव तुला कुणी सांगितलं? मुळात मी येणार हेच कुणी सांगितलं? मी आईशिवाय कुणाला बोललेच नव्हते.

बिरदेव : ते ऱ्हाऊ दे. तू तिथंच बस. मी येतो.

सुषमा : डोकं फिरलंय का तुझं? या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत पावणेदोनशे किलोमीटर तरी होईल. चार तास.

बिरदेव : अडीच तासात येतो.

सुषमा : अडीच तासांत? वाघोलीच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडलास तरी नशीब.

बिरदेव : बरं, दोन.

सुषमा : मी जास्त सांगतेय आणि तू कमी करत चाललायस? आणि बाजूला कोण बोलतंय तुझ्या?

बिरदेव : कोण न्हाई. पार्किंगवाला हाय.

सुषमा : थांब, एक टॅक्सीवाला आलाय. त्याच्याशी बोलते आणि मीच लावते तुला. निघू नकोस कुठे.

बिरदेव : ठेवला तिनं. आप्पा, मागनं कुजबुजत दोन तास काय दोन तास? मी काय उडत जाणार हाय?

भैरू : उडतच जाऊ की. हितं इमानं हायती, तिथं इमानं हायती. हितनं तिथं जाणारं बघ एखादं. तिकिटाचं मी बघतो.

बिरदेव : हितनं तिथं विमान जात न्हाई, आप्पा.

भैरू : दोन ष्टँडांच्या मधी एष्टी असती का न्हाई?

बिरदेव : असती.

भैरू : मंग दोन इमानतळांच्या मधी इमान का न्हाई?

बिरदेव : एवढ्या जवळ कोण विमानानं जाईल? वर चढलं की लगेच उतराया लागंल.

भैरू : मगाशी ती म्हणली, लय लांब. आता तू म्हणतोस, लय जवळ. पोरगी हाय तरी कुठं नक्की?

बिरदेव : विमानाला जवळ, आपल्याला लांब. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा, नगर, राहुरी आन् त्याच्या बी म्होरं.

भैरू : मला नको सांगू ती वाट. घोडनदीपासनं गोदावरीपतुर मेंढरं नेल्यात मी. महिना लागायचा. तिच्यासाठनं चार तास मोठं हायत व्हय?

बिरदेव : चार तास जायाला, आन् परत घरी यायला तीन-साडेतीन. आई तिकडं ष्टँडवर एकटी बसंल, तिचं काय? घ्या, आला फोन. आता तरी गप ऱ्हावा. हां, बोल आक्का.

सुषमा : टॅक्सी ठरवली. शिरूरपर्यंत येईल, थांबेल आणि मला परत इथे आणून सोडेल. संध्याकाळचं परतीचं तिकीट आहे माझं, उद्या सकाळी ड्युटी. तू असं कर, तूही शिरूरला ये. स्टँडवर आई आहेच. तिघं भेटू, चहा घेऊ.

बिरदेव : आन् घरी?

सुषमा : घरी कुठे, बिरू?

बिरदेव : एवढ्या जवळ येऊन घरी यायचं न्हाई?

सुषमा : म्हणून तर शिर्डीला उतरले. पुण्याला उतरले असते, तर शिरूरला जाताना आपला फाटा लागला असता. शिक्रापूरला आलं की तळेगावाकडे वळायचं, तिथून आपली वस्ती कितीशी? गाडीत बसून त्या फाट्यासमोरून सरळ निघून जायचं, हे मला जमलं नसतं. बोलावल्याशिवाय वळताही आलं नसतं. त्यापेक्षा ही वाट बरी. इकडून आलं की शिरूर आधी लागतं. घर वाटेत येतच नाही.

बिरदेव : आक्का...

सुषमा : वाईट वाटून घेऊ नकोस. मी तिकीट काढतानाच हे सगळं ठरवलं होतं. लांब पडलं तरी चालेल म्हटलं.

भैरू : पाण्याची बाटली घितलीस का?

सुषमा : बिरू, कोण ते?

बिरदेव : पार्किंगवा...

सुषमा : बिरू.

भैरू : उनाचं निघालीस. टॅक्सीवाल्याकडं पाणी असंलच असं न्हाई. म्हणून इचारलं.

सुषमा : आप्पा?

भैरू : व्हय.

सुषमा : तुम्ही लोहगावला आलात?

भैरू : आलो. चुकून लोहगावला आलो, पर आलो.

सुषमा : कशाला?

भैरू : मुराळी म्हणून.

सुषमा : मुराळी येणार नव्हता ना?

भैरू : बोललो होतो तसं. लय वंगाळ बोललो. तवापासनं सणाला घास गोड लागला न्हाई मला, तुझ्या आयला इचार. ती माझ्या ताटात पुरनपोळी वाढायची आन् उठून चुलीम्होरं जाऊन बसायची. मला सगळं कळत होतं, तरी मी खाली मान घालून जेवायचो.

सुषमा : एक फोन करायचा होता, आप्पा. सहा वर्षांत एक. मी रोज वाट बघायची. नंतर नंतर रोज नाही, पण सणाला बघायचीच.

भैरू : फोन कसा करू? फोनवर तू न्हाई म्हणली असतीस, तर मंग पुढं वाटच न्हाई. दारात आलेल्या मुराळ्याला न्हाई म्हणाया जरा अवघड पडतंय.

बिरदेव : आप्पा, डोळं पुसा. ती सिक्युरिटीवाली बघतीय.

भैरू : बघू दे. सुषमा, तू जाग्यावरनं हलू नको. मी येतो तिथं.

सुषमा : चार तासांनी? मग मी कधी निघू, आईला कधी भेटू? ती बिचारी स्टँडवर बसून राहील. मी टॅक्सीने येते, तुम्ही शिरूरला या. दोघांनाही बरं पडेल.

भैरू : न्हाई. तू टॅक्सी करून आलीस म्हंजी तू आलीस. मी आणली न्हाई.

सुषमा : काय फरक पडतो?

भैरू : सहा वर्सं फरक पडला तवा न्हाई कळला? वस्तीवर कुणी इचारलं तर काय सांगू? लेक आपल्या पायानं शिरूरपतुर आली आन् बाप तिथं चहा प्यायला गेला?

सुषमा : अजून वस्तीचंच?

भैरू : वस्तीला काय करायचंय! तुझ्यासाठनं बोलतोय. म्हायेराला आपणहून आलीस, ही गोष्ट तुला जन्मभर टोचंल. न्यायला आलं होतं, असं तुला सांगता आलं पायजे.

बिरदेव : तुमी दोघं ठरवा, मी गाडीचं पार्किंग भरतोय तासाला. एक सांगू का? शिरूर बरं मधी पडतंय. तिला आपल्यापरीस लांब पडंल, पर आपल्याला वाघोली हाय, तवा हिशेब सारखाच.

भैरू : मधी नको. मुराळी दारात जातो. उंबऱ्यावरनं आणतो.

सुषमा : आप्पा, आईला आणायला यवतचा मामा आला होता, तेव्हा कुठला उंबरा होता?

भैरू : कवा?

सुषमा : लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला. आईनेच सांगितलंय. मामा यवतहून चालत मेंढरांच्या तळावर आला, तर तळ उठलेला. नुसत्या लेंड्या आणि विझलेल्या चुली. तुम्ही मेंढरं घेऊन पुढे गेला होतात.

भैरू : चारा संपला होता. थांबून काय करू?

सुषमा : आणि आईला वाटलं, भाऊ काही येत नाही. म्हणून बोचकं डोक्यावर घेऊन ती एकटीच निघाली माहेराला. तो तिला शोधत इकडून, ती तिकडून. भीमेच्या काठाला दोघांची गाठ पडली. मग ती आपल्या पायाने आली, का तिला आणली?

भैरू : म्हातारी होती माझी आय. तिला नंतर इचारलं सगळ्यांनी.

सुषमा : काय म्हणाली आजी?

भैरू : तुला ठावं हाय की.

सुषमा : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

भैरू : म्हणली, भावानं बोचकं घितलं कुठं? तर म्हणले, तिच्या डोक्यावरनं. खाली ठिवलं नव्हतं का? न्हाई, ठिवलं नव्हतं. मंग झालं, म्हणली. आपलं घर पाठीवर असतंय, आपल्याला कुठला उंबरा. वाटंत बोचकं उतरवून घितलं तरी लेक आणली म्हणायची.

सुषमा : मग?

भैरू : मंग काय मंग. बापाला बोलण्यात धरतीस व्हय? आयवर गेलीस.

बिरदेव : आयवर कुठं? पार आज्जीवर गेलीय. चला, उठा.

भैरू : थांब. सुषमा, शिरूरच्या ष्टँडवर न्हाई. घोडनदीच्या पल्याड थांब, नगरच्या अंगाला. नदी वलांडून न्यायला आलो, एवढं तरी होऊ दे.

सुषमा : थांबते.

भैरू : आन् बोचकं खाली ठिऊ नको.

सुषमा : आप्पा, चाकांची बॅग आहे माझी.

भैरू : ते मला म्हाईत न्हाई. बाटली घे.

*

बिरदेव : बघा. अर्धा तास झाला, वाघोलीतच हाय आपण. अडीच तासात शिर्डी म्हणं.

भैरू : एवढी माणसं निघालीत तरी कुठं? सगळ्यांच्याच लेकी आल्यात का काय?

बिरदेव : आईला फोन केला मी. आप्पा बी येत्यात म्हणलं. पहिल्यांदा हसली, मंग काय झालं कुणास ठाऊक, फोनच ठिऊन दिला.

भैरू : रडली असंल. रडू दे. मी तिला लय गप बसवलं. बिरू, जावई कसा हाय रं?

बिरदेव : दाजी? चांगला माणूस हाय. मराठी शिकतोय. मला फोनवर 'काय मेव्हणं, ऊस गेला का?' म्हणून इचारतो. त्याच्या म्होरं बोलाया लागला की मला काय बी कळत न्हाई, मी नुसतं हसतो.

भैरू : तू बोलतोस त्याच्याशी?

बिरदेव : कंपनीत जेवणाच्या सुट्टीत. घरी कसा बोलणार?

भैरू : मंग आज ती एकटीच का आली?

बिरदेव : आईला भेटायचं होतं, तेबी चोरून. चोरून भेटायला नवऱ्याला कोण आणतं?

भैरू : माझ्या लेकीला चोरावानी यायला लागलं. व्हय रं, मी एवढा वाईट हाय का?

बिरदेव : वाईट न्हाई, आप्पा. हट्टी हायसा. ती बी तशीच. मधल्या मधी मी आन् आई.

भैरू : शिक्रापूर आलं की मला सांग.

बिरदेव : का? घरी जाऊन यायचं का?

भैरू : न्हाई. नुसता फाटा बघायचाय. रोज त्याच फाट्यावरनं जातो, पर कधी नीट बघितला न्हाई. त्याच्यासाठनं पोरीनं एवढा मोठा वळसा घितला, तवा बघावा म्हणतो एकदा.

(घोडनदीचा पूल ओलांडून नगरच्या बाजूला, रस्त्याकडेच्या बाभळीखाली. शिरूर इथे संपतं. भैरूंनी गाडीत बसायला साफ नकार देऊन अख्खा पूल पायी ओलांडला आहे आणि पटका दोनदा सोडून पुन्हा बांधला आहे.)

बिरदेव : तिसऱ्यांदा नका सोडू. चांगला दिसतोय.

भैरू : ती पांढरी गाडी?

बिरदेव : न्हाई, ती म्होरं गेली.

भैरू : ही?

बिरदेव : ही दुधाची हाय, आप्पा. तुमी बसा जरा सावलीला.

भैरू : मुराळी बसत नसतो. ती बघ, ती थांबतीय.

बिरदेव : हीच. आक्काच हाय. अगं आक्का! अगं, डोक्यावर काय घितलंस ते? टॅक्सीवाला बघ कसा हसतोय!

सुषमा : हसू दे. बॅग त्याच्या डिकीत आहे. हे बोचकं आहे. माझ्या ओढणीत बांधलंय, आईसाठी साडी आणि ह्यांनी तुमच्यासाठी दिलेला सदरा.

बिरदेव : पार शिर्डीपासनं डोक्यावर?

सुषमा : गाडीत मांडीवर होतं. खाली नाही ठेवलं. राहुरीला चहा प्यायला उतरले तेव्हासुद्धा नाही. आप्पा, बोला ना काहीतरी. मान अवघडली माझी.

भैरू : वाळलीस गं लय.

सुषमा : नाही वाळले. तुम्ही सहा वर्षांनी बघताय.

भैरू : हां. आन बोचकं हिकडं.

सुषमा : घ्या.

भैरू : घितलं. बिरू, बघितलंस न्हवं? डोक्यावरनं घितलं. कुणी इचारलं तर सांगायचं.

बिरदेव : बघितलं. दुधाच्या गाडीवाल्यानं बी बघितलं.

सुषमा : तुम्ही पुलावरून चालत आलात? एवढ्या उन्हात? गुडघे दुखतात ना तुमचे?

भैरू : कोण म्हणलं?

सुषमा : आई.

भैरू : म्हंजी सगळं कळत होतं तुला. चल, तुझी आय ष्टँडवर वाट बघत बसलीय. तिला घिऊ आन् घरी जाऊ.

सुषमा : आप्पा, संध्याकाळचं विमान आहे माझं.

भैरू : हां. ते इसरलोच मी. मंग... मंग तू म्हणशील तसं. चहा तर चहा.

बिरदेव : आक्का, नको गं असं.

सुषमा : विमान 'होतं' म्हणायचं होतं मला. नगर आल्यावर मैत्रिणीला फोन केला. उद्याची-परवाची ड्युटी ती करणार आहे. टॅक्सीवाल्यालाही सांगितलंय, रिकामा जा म्हणून.

भैरू : अगं, मंग आधी सांगायचं! बापाचा जीव काढतीस व्हय?

सुषमा : थोडासा. सहा वर्षं माझा काढलात की.

भैरू : काढला. खरं हाय. बिरू, तिची ती चाकाची बॅग घे. आन् तुझ्या त्या दाजीला फोन लावून दे मला.

बिरदेव : आत्ता? काय बोलणार तुमी त्याच्याशी?

भैरू : सदरा पोचला म्हणून सांगतो. आन् म्हणतो, पुढच्या बारीला दोघं बी लोहगावला उतरा. घर वाटंवरच हाय.